खेळ कोटींचा, रंग उसना

अमेरिकेतील ‘बंजी’ या नामवंत कंपनीने ‘मॅरेथॉन’ या आपल्या नव्या व्हिडिओ गेमची चाचणी आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये निवडक खेळाडूंसाठी खुली केली. महिना उलटण्याच्या आतच ‘अँटीरिअल’ या नावाने काम करणाऱ्या एका स्वतंत्र चित्रकर्तीने गंभीर आरोप केला. या खेळातील भिंती, फलक आणि यंत्रांवर जी चिन्हे, अक्षरे व नक्षी दिसतात, ती आपण २०१७ मध्ये तयार केलेल्या पोस्टरांमधून उचलण्यात आली आहेत, असे तिचे म्हणणे होते. तिने मूळ पोस्टर आणि खेळातील दृश्ये शेजारी शेजारी ठेवून दाखविली. दोहोंतील साम्य पाहण्यासाठी कोणा तज्ज्ञाची गरज नव्हती.

‘बंजी’ने आरोप फेटाळला नाही. आपल्याकडे पूर्वी नोकरीस असलेल्या एका कलाकाराने ही चित्रे खेळातील नक्षीच्या संग्रहात समाविष्ट केली होती आणि सध्याच्या चमूला त्याची कल्पना नव्हती, असा खुलासा कंपनीने केला. पाठोपाठ खेळाचे दिग्दर्शक आणि कलादिग्दर्शक यांनी एका थेट प्रक्षेपणात जाहीर माफी मागितली. त्या कार्यक्रमात खेळाचे एकही दृश्य दाखविण्यात आले नाही. कारण उघड होते. कोणत्या दृश्यात कोणाचे चित्र दडले आहे, याची खात्री त्या क्षणी खुद्द कंपनीलाही नव्हती! सप्टेंबर २०२५ मध्ये होऊ घातलेले खेळाचे प्रकाशन जूनमध्ये लांबणीवर टाकण्यात आले. त्या निर्णयामागे चाचणीतील खेळाडूंच्या तक्रारींसह इतरही कारणे होती. मात्र चित्रचोरीच्या वादाने कंपनीच्या अडचणीत भर घातली, हे निश्चित. डिसेंबर २०२५ मध्ये हा वाद आपल्या समाधानाप्रमाणे मिटल्याचे त्या चित्रकर्तीने जाहीर केले आणि प्रकरणावर पडदा पडला.

पडदा पडला तो या एका प्रकरणावर. त्यातून पुढे आलेला प्रश्न मात्र कायम आहे. ‘सोनी’ने २०२२ मध्ये ‘बंजी’ विकत घेतली तेव्हा तीन अब्ज साठ कोटी डॉलर मोजले होते. अशा कंपनीला एखाद्या चित्रकाराला रीतसर काम देणे परवडत नव्हते काय? आणि परवडत असेल, तर असे प्रकार पुन:पुन्हा का घडतात?

एकाच कंपनीत चार वेळा

‘मॅरेथॉन’चे प्रकरण अपवादात्मक असते तर एका बेजबाबदार कर्मचाऱ्याची चूक म्हणून ते सोडून देता आले असते. परंतु याच कंपनीच्या ‘डेस्टिनी २’ या लोकप्रिय खेळाचा इतिहास वेगळेच सांगतो.

सन २०२१ मध्ये या खेळाच्या ‘द विच क्वीन’ या पुढील भागाची जाहिरातफीत झळकली. तीत एका चाहत्याने काढलेले चित्र आढळले. बाहेरच्या कंत्राटदाराने ते चुकून वापरल्याचे कंपनीने सांगितले. सन २०२३ मध्ये खेळातील एका चित्रदृश्यात पुन्हा एका चाहत्याच्या चित्राची छाया दिसली. त्या वेळीही कंत्राटदाराचीच चूक निघाली. चाहत्याचे चित्र हे कंपनीचेच अधिकृत चित्र आहे, असा त्याचा समज झाला होता म्हणे. सन २०२४ मध्ये तर प्रकरण पडद्याबाहेर आले. या खेळातील ‘एस ऑफ स्पेड्स’ या पिस्तुलाची खेळण्यातील प्रतिकृती ‘नर्फ’ या ब्रँडखाली जाहीर झाली, आणि तिच्यावरील रंगकाम २०१५ मध्ये एका चाहत्याने काढलेल्या चित्राशी ओरखड्यांसह जुळत असल्याचे दिसून आले. त्यानंतर २०२५ मध्ये ‘मॅरेथॉन’.

प्रत्येक वेळी कंपनीने चूक मान्य केली आणि संबंधितांशी संपर्क साधून मोबदला व श्रेय देण्याची तयारी दाखविली, हे नमूद करायला हवे. पण भरपाईची ही तत्परता आधी दाखविली असती, तर भरपाईची वेळच आली नसती. चार वर्षांत चार वेळा एकच चूक होते, तेव्हा तिचे मूळ व्यक्तीत नसून व्यवस्थेत असते.

चित्र खेळात शिरते कसे?

ही व्यवस्था समजून घेण्यासाठी आजचा मोठा व्हिडिओ गेम कसा तयार होतो, ते पाहिले पाहिजे. खेळातील प्रत्येक वस्तू म्हणजे आधी एक कोरा त्रिमितीय साचा असतो. त्यावर वेष्टनासारखे एक सपाट चित्र चढविले जाते. त्याला ‘टेक्श्चर’ म्हणतात. लाकडाच्या दाराला लाकडाचे टेक्श्चर, गंजलेल्या पिंपाला गंजाचे. एका मोठ्या खेळात अशी हजारो टेक्श्चर्स असतात. चिन्हे, पाट्या, लेबले यांसारखे बारीकसारीक नमुने एकाच मोठ्या पानावर एकत्र ठेवले जातात आणि गरजेप्रमाणे तेथून उचलून कोठेही चिकटविले जातात. ‘मॅरेथॉन’मध्ये परकी चित्रे शिरली ती याच वाटेने. एकदा ती सामायिक पानावर आली, की चमूतील इतरांच्या लेखी ती ‘आपली’च झाली. त्यांचे मूळ कोणी विचारत नाही.

दुसरी वाट संदर्भचित्रांची. काम सुरू करण्यापूर्वी कलाकार इंटरनेटवरून शेकडो चित्रे गोळा करून एका फलकावर लावतात. खेळाचा एकूण भाव कसा असावा, हे ठरविण्यासाठी ही पद्धत सर्वत्र रूढ आहे आणि तीत गैर काही नाही. गफलत पुढे होते. फलकावर चित्र लावणाऱ्याला ते कोठून आणले हे ठाऊक असते. सहा महिन्यांनी तोच फलक पाहणाऱ्याला ते ठाऊक नसते. चाहत्यांची चित्रे आता इतकी सफाईदार असतात की अधिकृत चित्र कोणते आणि चाहत्याचे कोणते, हे ओळखणे कठीण जाते.

तिसरी वाट तात्पुरत्या चित्रांची. अंतिम चित्र तयार होईपर्यंत जागा भरण्यासाठी हाताला लागेल ते चित्र वापरायचे आणि नंतर ते बदलायचे, असा शिरस्ता आहे. प्रकाशनाची तारीख जवळ येते, धावपळ उडते आणि ‘नंतर’ हा शब्द तसाच राहून जातो.

चौथी आणि सर्वांत रुंद वाट बाहेरून करून घेतलेल्या कामाची. जाहिरातफिती, चित्रदृश्ये, खेळणी, मुखपृष्ठे ही कामे कंत्राटदारांकडे जातात. ते आणखी कोणाकडे सोपवितात. साखळीच्या शेवटच्या कडीवरील कलाकाराला मुदत सांगितली जाते. चित्रांच्या मालकीविषयी मात्र त्याला कोणी काही सांगत नाही. चूक उघड झाली की जबाबदारी त्याच साखळीवरून खाली घरंगळत जाते. श्रेय मात्र वरच राहते.

ऐतिहासिक नमुने

हा रोग आजचा नाही. सन २००८ मध्ये ‘लिम्बो ऑफ द लॉस्ट’ नावाचा एक साहसी खेळ अमेरिकेत विक्रीस आला. ब्रिटनमधील एका छोट्या चमूने वर्षानुवर्षे खपून तो तयार केल्याचे सांगितले जात होते. समीक्षकांनी तो पाहिला आणि त्यांना अनेक जागा ओळखीच्या वाटू लागल्या. त्यातील दालने, गल्ल्या आणि तळघरे ‘ऑब्लिव्हियन’, ‘थीफ : डेडली शॅडोज’ यांसारख्या गाजलेल्या खेळांतून सरळ उचललेली निघाली. वितरकाने तो खेळ तत्काळ बाजारातून मागे घेतला.

त्याच वर्षी ‘कॅपकॉम’ या जपानी कंपनीच्या ‘ओकामी’ या खेळाच्या वेष्टनावर एक गमतीदार चूक आढळली. वेष्टनावरील लांडग्याच्या तोंडाजवळ ‘आयजीएन’ या गेमविषयक संकेतस्थळाची पुसट मुद्रा उमटली होती. म्हणजे कंपनीने आपल्याच खेळाचे चित्र आपल्या कपाटातून न काढता दुसऱ्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतले होते! कंपनीने ग्राहकांना बदली वेष्टने देऊ केली. यात चोरी नव्हती. पण चित्र कोठून आले, हे विचारण्याची सवयच नसली की काय होते, याचा याहून बोलका दाखला मिळणार नाही.

याच कंपनीवर जून २०२१ मध्ये झालेला आरोप मात्र गमतीचा नव्हता. ज्युडी ज्युरासेक या अमेरिकी डिझायनरने भिंती, दगड, काच, लाकूड, संगमरवर यांच्या पृष्ठभागांची छायाचित्रे वर्षानुवर्षे टिपून १९९६ मध्ये ‘सर्फेसेस’ हे पुस्तक सीडीसह प्रसिद्ध केले होते. व्यावसायिक वापरासाठी स्वतंत्र परवाना घेण्याची अट होती. ‘रेसिडेंट ईव्हिल ४’, ‘डेव्हिल मे क्राय’ आणि इतर खेळांत आपली किमान ८० छायाचित्रे दोनशेहून अधिक ठिकाणी विनापरवाना वापरल्याचा दावा त्यांनी कनेक्टिकटच्या न्यायालयात दाखल केला. ‘रेसिडेंट ईव्हिल ४’च्या बोधचिन्हातील तडकलेल्या काचेची नक्षीसुद्धा आपल्याच छायाचित्रातील आहे, असे त्यांचे म्हणणे होते. कॉपीराइटभंगापोटी त्यांनी एक कोटी वीस लाख डॉलरपर्यंतची भरपाई मागितली.

या दाव्यातील पुरावा विलक्षण होता. नोव्हेंबर २०२० मध्ये हॅकरांनी ‘कॅपकॉम’च्या संगणकांवर दरोडा घातला आणि अंतर्गत फायली बाहेर फुटल्या. त्यांतील एका चित्राच्या फाइलचे नाव आणि ज्युरासेक यांच्या सीडीवरील फाइलचे नाव एकच निघाले. दुसऱ्याची वस्तू आणताना नाव बदलण्याचेही कष्ट घेतले गेले नव्हते, असा त्याचा अर्थ फिर्यादीने लावला. फेब्रुवारी २०२२ मध्ये उभय पक्षांत तडजोड झाली. तिच्या अटी जाहीर झाल्या नाहीत. ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ हा खेळ २००५ मधला. म्हणजे छायाचित्रांचा माग लागेपर्यंत दीड दशक लोटले होते. फायली फुटल्या नसत्या तर हा दुवा कदाचित कधीच मिळाला नसता.

कायदा कोणाच्या बाजूने?

वरवर पाहता कायदा स्पष्ट आहे. चित्र काढले त्या क्षणी त्यावर चित्रकाराचा कॉपीराइट निर्माण होतो. नोंदणी केली नाही तरी हक्क जात नाही. बर्न कराराचे सदस्य असलेल्या सर्व देशांत हेच तत्त्व लागू आहे. मग चित्रकार न्यायालयात का जात नाहीत?

पहिले कारण पैशाचे. अमेरिकेत हेतुपुरस्सर उल्लंघनासाठी कायद्याने ठरवून दिलेली भरपाई एका कलाकृतीमागे दीड लाख डॉलरपर्यंत जाऊ शकते. पण ती मागायची तर कलाकृतीची नोंदणी वेळेत झालेली असावी लागते. रोज एक चित्र काढून इंटरनेटवर टाकणारा तरुण कलाकार प्रत्येक चित्राची नोंदणी करीत नाही. नोंदणी नसली की प्रत्यक्ष झालेले नुकसान सिद्ध करावे लागते आणि वकिलाचा खर्चही मिळत नाही. ‘मॅरेथॉन’ प्रकरणातील चित्रकर्तीनेही कायदेशीर लढाईसाठी लागणारे बळ आपल्यापाशी नसल्याचे सुरुवातीलाच सांगितले होते. दहा वर्षांत या कामातून आपल्याला स्थिर उत्पन्न मिळाले नाही, उलट बड्या कंपन्यांचे कलाकार त्यावर पोसले जातात, ही तिची व्यथा होती. छोट्या दाव्यांसाठी अमेरिकेत जून २०२२ पासून स्वतंत्र मंडळ काम करू लागले आहे आणि तेथे ३० हजार डॉलरपर्यंतची भरपाई मागता येते. परंतु प्रतिवादीने नकार दिला तर त्या मंडळापुढे सुनावणीच होत नाही.

दुसरे कारण न्यायालयांच्या निकालांतील अनिश्चितता. खेळाडूंच्या अंगावरील गोंदणाची प्रकरणे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. खऱ्या बास्केटबॉलपटूची हुबेहूब प्रतिमा खेळात दाखवायची तर त्याच्या अंगावरील गोंदणही दाखवावे लागते. ते गोंदण मात्र कोणा तिसऱ्याच कलाकाराने रेखाटलेले असते. ‘टेक-टू’ कंपनीच्या ‘एनबीए २के’ या खेळाविरुद्धच्या दाव्यात न्यूयॉर्कच्या न्यायालयाने मार्च २०२० मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला. गोंदणे पडद्यावर अत्यल्प दिसतात आणि गोंदवून घेणाऱ्याला आपली प्रतिमा वापरू देण्याची मुभा गृहीतच असते, असे न्यायालयाचे मत पडले. याउलट, कुस्तीगीर रँडी ऑर्टन याच्या अंगावर गोंदण करणाऱ्या कॅथरिन अलेक्झांडर यांच्या दाव्यात इलिनॉय येथील ज्युरीने सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच कंपनीला दोषी धरले. भरपाई किती? ३,७५० डॉलर. पुन्हा एप्रिल २०२४ मध्ये लेब्रॉन जेम्सच्या गोंदणांच्या प्रकरणात ओहायोतील ज्युरीने कंपनीच्या बाजूने कौल दिला. निकालांचे पारडे असे खालीवर होत असेल, तर कोणता चित्रकार वर्षानुवर्षे कज्जा लढण्याचे धाडस करील?

तिसरे कारण कल्पना आणि अभिव्यक्ती यांतील सीमारेषेचे. कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो, तिच्या विशिष्ट मांडणीवर असतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हेच सूत्र सांगितले आहे. त्यामुळे ‘शैली उचलली’ ही तक्रार न्यायालयात टिकत नाही, ‘हेच चित्र उचलले’ ही टिकते. जुलै २०२२ मध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या खेळात सामोयेड जातीच्या कुत्र्याचे मुख असलेल्या सैनिकाची वेशभूषा विक्रीस आली. ती आपल्या २०१९ मधील चित्रावरून घेतल्याचे एका कलाकाराने दाखवून दिल्यावर ‘अ‍ॅक्टिव्हिजन’ने ती मागे घेऊन माफी मागितली. तेथे साम्य डोळ्यांत भरणारे होते. एवढे स्पष्ट साम्य नसते तेव्हा चित्रकाराच्या हाती संतापाखेरीज काही उरत नाही.

चाहत्यांची त्रिशंकू अवस्था

स्वतंत्र चित्रकाराची ही कथा, तर चाहत्याची व्यथा आणखी निराळी. त्याने काढलेले चित्र मुळातच कंपनीच्या पात्रावर आधारलेले असते. ते काढण्याची परवानगी बहुधा त्याने घेतलेली नसते. त्यामुळे कंपनीने त्याचे चित्र उचलले तर ‘आधी तूच आमचे पात्र घेतलेस’ असे उत्तर देता येते. चाहत्याच्या रेषा त्याच्या, पात्र कंपनीचे. दोघांपैकी कोणालाच ते चित्र दुसऱ्याच्या संमतीशिवाय निर्धास्तपणे विकता येत नाही. व्यवहारात मात्र कंपनी विकते आणि चाहता पाहत राहतो.

आणि तरीही चाहत्यांच्या श्रमावर हा धंदा किती उभा आहे, याची कल्पना पुष्कळांना नसते. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा जगभर खेळला जाणारा खेळ १९९९ मध्ये दोन तरुणांनी ‘हाफ-लाइफ’मध्ये हौसेने केलेल्या बदलांतून जन्माला आला. ‘व्हॉल्व्ह’ कंपनीने २००० मध्ये तो रीतसर विकत घेऊन त्यांना आपल्याकडे सामावून घेतले. ‘वॉरक्राफ्ट ३’च्या चाहत्यांनी रचलेल्या ‘डोटा’ या नकाशातून तर खेळांचा एक संपूर्ण प्रकारच उदयास आला. त्या नावावर हक्क कोणाचा, यावरून ‘ब्लिझार्ड’ आणि ‘व्हॉल्व्ह’ या दोन कंपन्यांत वाद झाला व मे २०१२ मध्ये तडजोड झाली. दोन बड्यांच्या या भांडणात नकाशा रचणाऱ्या असंख्य हौशी हातांना पक्षकार म्हणूनही स्थान नव्हते.

‘ब्लिझार्ड’ने त्यातून धडा घेतला, पण तो स्वत:च्या सोयीचा. जानेवारी २०२० मध्ये ‘वॉरक्राफ्ट ३ : रीफोर्ज्ड’ प्रकाशित करताना कंपनीने नवी अट घातली. या खेळाच्या साधनांतून चाहत्याने जे काही निर्माण केले, त्याची संपूर्ण मालकी कंपनीची राहील. पुढचा ‘डोटा’ जन्मलाच, तर तो आता थेट कंपनीच्या तिजोरीत जन्मावा, अशी ही तजवीज. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

चाहत्यांना मोबदला देण्याचे प्रयोग झालेच नाहीत असे नाही. एप्रिल २०१५ मध्ये ‘व्हॉल्व्ह’ आणि ‘बेथेस्डा’ यांनी ‘स्कायरिम’ या खेळातील चाहत्यांचे बदल विकण्याची सोय केली. निर्मात्याचा वाटा २५ टक्के, उरलेला दोन कंपन्यांचा. पहिल्याच दिवसांत एक नवाच प्रश्न उभा राहिला. विक्रीस ठेवलेल्या एका कामात दुसऱ्याच चाहत्याने केलेल्या हालचाली वापरल्याचे दिसले आणि ते मागे घ्यावे लागले. खेळाडूंचा रोष इतका उसळला की अवघ्या चार दिवसांत योजना गुंडाळण्यात आली. थोडक्यात, चोरी केवळ कंपन्याच करतात असे मानण्याचे कारण नाही. पैसा आला की चाहताही चाहत्याचे उचलतो.

याचा सर्वांत चमत्कारिक दाखला ‘काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह’मध्ये सापडतो. या खेळात चाहत्यांनी रेखाटलेली बंदुकांची नक्षी कंपनी निवडत असे, विकत असे आणि निर्मात्याला वाटा देत असे. सन २०१४ मध्ये ‘हाउल’ नावाची, गर्जना करणाऱ्या श्वापदाच्या मुखाची नक्षी अशीच दाखल झाली. मूळ चित्र आपले असल्याची कायदेशीर तक्रार दुसऱ्याच कलाकाराने करताच ‘व्हॉल्व्ह’ने ती विक्रीतून काढली, चित्र बदलले आणि नक्षी सादर करणाऱ्यांवर कायमची बंदी घातली. आधीच विकल्या गेलेल्या प्रती मात्र खेळाडूंकडे राहिल्या आणि त्यांना ‘निषिद्ध माल’ असा वेगळा दर्जा मिळाला. नवी प्रत मिळणे बंद झाल्याने तिची किंमत चढत गेली आणि ती हजारो डॉलरच्या घरात पोहोचली. ज्या वस्तूला चोरीचा डाग लागला, तीच संग्राहकांच्या लेखी दुर्मीळ ठरली!

भारतातील कलाकारांचा संबंध

हे सारे परदेशात घडते, आपल्याला त्याचे काय, असे म्हणून चालणार नाही. जगातील मोठ्या खेळांच्या कलाकामाचा एक हिस्सा भारतात होतो. बंगळुरूत १९९७ मध्ये सुरू झालेली ‘ध्रुव इंटरॅक्टिव्ह’ ही संस्था २०१९ मध्ये ‘रॉकस्टार’ने घेतली. ‘युबिसॉफ्ट’ने २००८ मध्ये पुण्यात आणि २०१८ मध्ये मुंबईत स्टुडिओ सुरू केला. चित्रकला आणि अ‍ॅनिमेशन शिकून या क्षेत्रात उतरणारी मराठी मुले थोडी नाहीत. वर सांगितलेल्या साखळीत ती दोन्ही भूमिकांत असू शकतात. कोणी त्यांचे चित्र उचलू शकतो, आणि मुदतीच्या दडपणाखाली त्यांच्या हातून दुसऱ्याचे चित्र उचलले जाऊ शकते. पहिल्या प्रसंगी हक्क ठाऊक हवेत, दुसऱ्या प्रसंगी जबाबदारी.

हक्कांच्या बाबतीत आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा काही ठिकाणी अमेरिकी कायद्यापेक्षा कलाकाराला अधिक जवळचा आहे. नोकरीत केलेल्या कामाची मालकी सामान्यत: मालकाकडे जाते, हे खरे. पण कलाकाराच्या मालकीचे हक्क लेखी दिल्याखेरीज हस्तांतरित होत नाहीत. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत, असे कायदा मानतो. त्याहून महत्त्वाचे कलम ५७. मालकी विकली तरी आपले नाव लावून घेण्याचा आणि आपल्या कृतीची विटंबना रोखण्याचा हक्क निर्मात्याकडे राहतो. दिल्लीतील विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे भित्तिशिल्प सरकारी अनास्थेने मोडतोड होऊन गोदामात पडले, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याच कलमाच्या आधारे ते शिल्पकाराला परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला होता. सरकारला जे लागू होते, ते गेम कंपनीला लागू न होण्याचे कारण नाही. अडचण कायद्याच्या अभावाची नाही. आपल्या हक्कांची माहिती असलेले कलाकार कमी आणि करार न वाचता सही करणारे जास्त, ही आहे.

मार्ग काय?

उपाय फारसे अवघड नाहीत. ‘मॅरेथॉन’ प्रकरणानंतर ‘बंजी’ने आपल्या कलाकारांच्या प्रत्येक योगदानाची नोंद ठेवण्याचे कडक नियम लागू करण्याचे जाहीर केले. किराणा दुकानदारसुद्धा माल कोठून आला याची वही ठेवतो. अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या उद्योगाला ही वही २०२५ मध्ये सुचावी, हेच आश्चर्य. प्रत्येक चित्राबरोबर त्याचे मूळ, निर्माता आणि परवाना यांची नोंद असली, संदर्भचित्रे आणि वापरायची चित्रे वेगळ्या ठिकाणी ठेवली आणि कंत्राटदारांशी होणाऱ्या करारात हीच अट शेवटच्या कडीपर्यंत नेली, तर निम्म्याहून अधिक चुका दारातच अडतील.

चाहत्यांच्या बाबतीत ‘सेगा’ने घालून दिलेला धडा विचारात घेण्यासारखा आहे. ‘सॉनिक’ या आपल्या जुन्या पात्रावर हौसेने खेळ बनविणाऱ्या ख्रिश्चन व्हाइटहेड व त्याच्या सहकाऱ्यांना नोटीस न धाडता कंपनीने कामच दिले. त्यातून २०१७ मध्ये ‘सॉनिक मेनिया’ हा खेळ आला आणि समीक्षकांनी त्याचे भरभरून कौतुक केले. त्याच्या आदल्याच वर्षी ‘निन्टेन्डो’ने ‘मेट्रॉइड’च्या एका चाहत्याची सुमारे दशकभराची मेहनत प्रकाशित होताच कायदेशीर नोटिशीने बंद पाडली होती. दोन्ही कंपन्या कायद्याच्या चौकटीतच होत्या. एकीला मात्र नवा खेळ मिळाला आणि दुसरीला चाहत्यांची नाराजी.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आगमनाने हा प्रश्न आणखी जटिल होणार आहे. उचललेल्या चित्राचा मूळ कर्ता आजवर निदान शोधता तरी येत होता. लाखो चित्रांवर पोसलेल्या यंत्राने काढलेल्या चित्रात कोणाकोणाचे काय मिसळले आहे, हे त्या यंत्राच्या मालकालाही सांगता येत नाही. ‘क्लेअर ऑब्स्क्युअर : एक्सपिडिशन ३३’ या २०२५ मधील गाजलेल्या खेळात यंत्राने काढलेली काही तात्पुरती टेक्श्चर्स चुकून राहून गेली होती. ती नंतर काढण्यात आली, तरी त्या कारणावरून डिसेंबर २०२५ मध्ये त्याला दिलेले ‘इंडी गेम अवॉर्ड्स’चे पुरस्कार काढून घेण्यात आले. तात्पुरते चित्र, धावपळ आणि विसर. वाट तीच जुनी, वाटसरू नवा.

आजवर या चोऱ्या उघडकीस आल्या त्या बहुतांशी कंपन्यांच्या तपासणीमुळे नव्हेत. खेळाडूंची तीक्ष्ण नजर, एखाद्या चित्रकाराची चिकाटी किंवा फुटलेल्या फायली यांमुळेच त्या बाहेर आल्या. याचा अर्थ उघड आहे. जेवढे सापडले त्याहून न सापडलेले पुष्कळ असणार. खेळाच्या अखेरीस पडद्यावरून सरकणाऱ्या श्रेयनामावलीत आज शेकडो नावे असतात. ज्याच्या रेषेने त्या जगाला रूप दिले, त्याचे नाव त्या यादीत येण्यासाठी त्याला आधी चोरी सिद्ध करावी लागू नये, एवढीच अपेक्षा आहे. कोटींचा हिशेब ठेवणाऱ्यांना तेवढा हिशेब ठेवणे जड जाऊ नये.